कायमचा पत्ता

फुकटचा वकील म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ज्या आरोपीला वकील करायची ऐपत नाही, त्याला सरकार वकील देतं. अशा वकिलांचं तालुक्याला एक पॅनेल असतं. त्या पॅनेलवर दारव्ह्याच्या कोर्टात मी केस पांढरे होईपर्यंत काम केलं. अजूनही करते, पण आता गुडघे तक्रार करतात आणि मी त्यांचीच बाजू घेते.

फुकटच्या वकिलावर पक्षकाराचा काडीचा विश्वास नसतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा. दवाखान्यातलं फुकटचं औषधसुद्धा लोक अर्धंच पितात. एका म्हाताऱ्याला मारामारीच्या केसमधून निर्दोष सोडवलं, तर हा गडी कोर्टाबाहेर येऊन सरकारी वकिलाच्या पाया पडला. का, तर त्यांचा कोट नवा होता. मी म्हटलं, "अहो बाबा, तुमची वकील मी!" तर म्हणे, "असन व माय, पण मले तं यायनंच सोडलं दिसते." पुसदचा एक पाकीटमार होता, अधूनमधून पाहुण्यासारखा यायचा. एकदा तारीख आटोपून निघाले, तर हा मागून धावत आला आणि मलाच रागे भरला, "बाई, स्कूटीची डिक्की उघडी राह्यली तुमची. कोर्टात कशी कशी माणसं येतात, मालूम नाही काय तुमाले?"

अशी माणसं भेटली म्हणून दिवस गेले. नाहीतर हे काम हळूहळू माणसाला कोरडं करतं. माझे वडील यवतमाळला कचेरीत होते, घरात सगळे टापटिपीचे. मुलगी वकील झाली याचा त्यांना आनंद होता, पण कोणाची वकील झाली हे ते पाहुण्यांना सांगत नसत. "कोर्टात असते," एवढंच म्हणायचे.

लोकांना वाटतं वकिली म्हणजे उलटतपासणी, टेबलावर हात आपटणं. बाप्पा! तसं कुठं असतं? आमचं रोजचं काम जामिनाचं. पोलिसांनी धरून आणलेला माणूस खटला उभा राहीपर्यंत घरी राहील की जेलात, एवढाच प्रश्न. कायदा म्हणतो, गुन्हा सिद्ध होईस्तोवर माणूस निर्दोष. पण घरी सोडला तर तारखेला परत येईल याची खात्री कोर्टाला हवी असते. ती खात्री कशी करायची? माणसाच्या मनात तर शिरता येत नाही. मग कोर्ट विचारतं, शेत आहे का, नोकरी आहे का, बायकापोरं कुठं राहतात, कायमचा पत्ता काय. ज्याच्याजवळ सातबारा आहे, तो पळणार कुठं? सुटला. जो गायरानात पाल ठोकून राहतो, तो आज इथं उद्या तिथं. राहू द्या आत. चोरी एकच असते, कलम एकच असतं. एक जण संध्याकाळी घरी जाऊन जेवतो आणि दुसरा जेलातलं जेवतो. यात कोणी लाच खाल्लेली नसते की कोणाचा जीव घ्यायचा नसतो. म्हणूनच तर त्याचं काही करता येत नाही.

आता उन्हाळी पाहुण्यांचं सांगते. मोठ्या शहरातलं एक विद्यापीठ आहे. तिथं दर थंडीत कॉलेजच्या मुलांसाठी सूचना लागते, उन्हाळी संशोधनाची संधी, विषय विषमता आणि फौजदारी न्याय. अर्ज करतात, मुलाखती होतात आणि निवडलेली बी.ए.ची लेकरं मे महिन्यात जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवली जातात. आमच्या इथली ज्यांना जमतं ती माणसं मे महिन्यात बाहेरगावी पळतात आणि ही पोट्टी नेमकी तेव्हा येतात. पहिल्या वर्षी आलेला एक मुलगा कोर्टाच्या व्हरांड्यातच भोवळ येऊन पडला. त्याला पाणी पाजून उठवला, तर डोळे उघडल्याबरोबर विचारतो, "मॅडम, इथे आरोपींसाठी पाण्याची सोय कुठे आहे?" मला ती लेकरं आवडायची. खोटं कशाला बोलू, आमच्या कामाबद्दल घरातलंसुद्धा कोणी कधी विचारत नाही. ही मुलं समोर बसून विचारायची, ऐकायची, कान देऊन ऐकायची.

ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी दोघी आल्या. तन्वी पुण्याची आणि मीरा दक्षिणेकडची. मीराला मराठी येत नव्हतं, त्यामुळे बोलायचं काम तन्वीकडे. दोघी माझ्याच घरी वरच्या खोलीत राहायच्या. तन्वी म्हणजे फार भली पोरगी. प्रत्येक वाक्याच्या आधी "तुमची हरकत नसेल तर" म्हणायची. पंखा लावायचा तरी हरकत नसेल तर. माझा ठेचा खाताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ताटात ठेवला नाही. रोज सकाळी कोर्ट उघडायच्या आधी बाकावर जाऊन बसायची. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मला म्हणते, "मॅडम, ज्यांच्या पत्त्यात घरक्रमांक असतो, ते सुटतात." मी म्हटलं, "शाब्बास. मला हे समजायला कितीतरी वर्षं लागली." खरंच कौतुक वाटलं मला तिचं.

त्याच दिवसांत माझ्याकडे देविदासची केस आली.

देविदास फासेपारधी. इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यातली ही एक. तो कायदा कधीच गेला, पण ठाण्यातली सवय गेली नाही. आमच्याकडे पारध्यांच्या वस्तीला बेडा म्हणतात. आसपास कुठं चोरी झाली की गाडी आधी बेड्यावर जाते आणि मग चोरी झाली तिथं. देविदास लोकांची शेतं राखायचा. रानडुकरं, रोही पिकात शिरतात, ती हाकलायला शेतकरी पारधी ठेवतात, कारण त्यांच्यासारखे कान कोणाचे नसतात. त्याच शिवारातल्या एका विहिरीवरची मोटर चोरीला गेली आणि पोलिसांनी देविदासला उचललं. मोटर सापडली नाही, पण देविदास सापडला.

खालच्या कोर्टानं जामीन नाकारला. कारण ठरलेलं, आरोपीला कायमचा ठावठिकाणा नाही. मी वरच्या कोर्टात गेले. तिथले न्यायाधीश नवीन होते, ऐकून घेणारे होते. मी सांगितलं, साहेब, हा बेडा कित्येक वर्षं तिथून हललेला नाही. देविदासच्या तीन लेकरांपैकी दोन गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. त्याच्या भावानं, शंकरनं, विटांच्या भिंती घातल्या आहेत, छत तेवढं व्हायचं आहे. ठावठिकाणा आणखी कसा असतो? न्यायाधीशांनी कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, "ठीक आहे. पोलिसांनी जाऊन पाहावं. कुटुंब त्या जागी राहत असेल, तर सोडायला हरकत नाही."

मी मनातून नाचले. यापेक्षा सोपी अट असते का! काही सिद्ध करायचं नाही, साक्षीदार आणायचे नाहीत, फक्त घरात असायचं.

देविदासची बायको सुमन कोर्टाबाहेर लिंबाखाली बसली होती. मी तिला समजावलं. दोन-चार दिवसांत पोलिस बेड्यावर येतील, पाहतील आणि जातील. तुम्ही सगळे तिथं असा, बस्स.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "पोलिस येतीन, आन् आमी थांबाव?"

"हो."

"असं तं कधी केलं नाही बाई."

"या वेळेस करा. देविदाससाठी करा."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "गडीमाणसं आयकत नाहीत. पण तुमच्या सबदावर थांबवतो मी त्यायले. शंकरभाऊले सांगतो. थांबतो आमी."

या एका वाक्यात काय होतं, ते बाहेरच्याला समजणार नाही. पोलिसांची गाडी दिसली की बेड्यावरचा कर्ता माणूस शिवारात जातो. बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं. ती बाई माझ्या सांगण्यावरून अख्ख्या बेड्याला उलटं वागायला लावणार होती. जेलात जाऊन देविदासला सांगितलं, तर जाळीपलीकडून तो हसला. अटकेनंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "सुमननं म्हटलं ना? मंग थांबतीन," म्हणाला.

तन्वीला हे सगळं माहीत होतं. माझ्या शेजारीच तर बसलेली असायची. तिला बेड्यावर जायचं होतं, मी म्हटलं, "आत्ता नको. तारीख होऊ दे, मग मीच घेऊन जाते." ती "हो मॅडम" म्हणाली आणि ते तिनं मनापासूनच म्हटलं होतं. पण त्यांचे आठवडे संपत आले होते. शहरातून त्यांचे सर रोज फोन करायचे. आरोपींच्या कुटुंबांच्या मुलाखती कुठे आहेत? त्याशिवाय अभ्यास लंगडा आहे. नुसत्या कोर्टातल्या बाकावर बसून विषमता कळते का? सरांचंही चुकीचं नव्हतं. मी एका कामासाठी दिवसभर यवतमाळला गेलेली, आणि या दोघींनी विचार केला की आपण काही पोलिस नाही. आपण तर त्यांच्याच बाजूच्या. आपण गेलो तर उलट त्यांना बरंच वाटेल.

संध्याकाळी मी घरी आले, तर दोघी ओट्यावर बसलेल्या. उन्हानं तोंडं लाल झालेली, पण चेहरे फुललेले.

"मॅडम, तुमची हरकत नसेल तर एक सांगायचंय. आम्ही बेड्यावर जाऊन आलो! सगळे बोलले. एकही जण नाही म्हणाला नाही."

पारधी माणूस अनोळखी माणसाला कधी सगळं सांगतो, तर भ्यायलेला असला म्हणजे.

"कशानं गेलात?"

"जीप केली होती. पांढरी."

"काय काय विचारलं?"

तिनं उत्साहानं सांगायला सुरुवात केली. घरात माणसं किती. त्यात पुरुष किती. ते कामाला कोणत्या शिवारात जातात. रात्री घरी असतात का. आधी कोणाला अटक झाली होती, कुठल्या ठाण्यात. नातेवाईक कोणकोणत्या गावांत राहतात. घरात मोटरसायकल आहे का, मोबाइल कोणाकडे आहे. शेवटी, आम्ही तुमच्याशी बोललो त्याला तुमची परवानगी होती, म्हणून कागदावर सही नाहीतर अंगठा. त्यांच्या विद्यापीठाचा तसा कडक नियम होता. ज्याला प्रश्न विचारायचे, त्याची लेखी संमती घ्यायचीच. गरिबाला कोणी गृहीत धरू नये म्हणून केलेला नियम. चांगला नियम आहे, मला मान्य आहे.

मी चप्पल काढायची विसरले. "हे प्रश्न कोणी काढले?"

"आम्ही आणि सरांनी मिळून. खूप वेळा तपासले, मॅडम. कोणाचा अपमान होऊ नये म्हणून भाषा अगदी सौम्य केली."

"तन्वी, हे प्रश्न मी ठाण्यात ऐकले आहेत गं. धाड घालायच्या आधी पोलिस हेच विचारतात. याच क्रमानं विचारतात. आणि शेवटी अंगठाच घेतात."

मीराला कळेना काय झालं, ती आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहत होती. मला इतका राग आला होता की मी घरात न जाता तशीच परत स्कूटीकडे वळले. पण अंधार पडला होता, रस्ता कच्चा आणि गुडघे हे असे. सकाळी निघायचं ठरलं.

सकाळी तन्वीला मागं बसवून गेले. तिनं येऊ का म्हणून विचारलंही नाही, हरकतीचं तर नावच काढलं नाही, येऊन बसली. बेडा ओस पडला होता. पालं उतरवून नेलेली, चुली मोडलेल्या, शंकरच्या घराच्या नुसत्या चार भिंती उभ्या. त्यातल्या एका भिंतीच्या सावलीत एक म्हातारी बसली होती, सोजरबाई, नात्यानं देविदासची मावशी. तिला चालवत नव्हतं म्हणून ती राहिली होती. जवळ भाकरी आणि पाण्याचा गडवा ठेवून गेले होते.

"मावशी, सुमन थांबणार होती ना? मला शब्द दिला होता तिनं."

"थांबलीच होती व बाई. भांडली सगळ्यायशी. वकीलबाईनं सांगतलं, पोलिस येतीन, पायतीन, चालले जातीन. लोकायनं आयकलं तिचं. मंग ह्या आल्या ना." तिनं हनुवटीनं तन्वीकडे दाखवलं. तन्वीला तिनं ओळखलं होतं, पण रागावलेली दिसत नव्हती. "लय गोड बोलली पोरगी. माय म्हणे मले. तवाच मी म्हटलं, आता खैर नाही."

"काहून? गोड बोलली म्हणून?"

"शिव्या देणारा येते, तो एखाद्याले घेऊन जाते. हा असा गोड बोलणारा आला, का समजाचं सारा बेडा लिहून नेला."

तन्वी तिथंच मातीत खाली बसली.

"कुठं गेले सगळे?" मी विचारलं.

"मले मालूम नाही."

"मावशी, मी पोलिसांना सांगणार नाही. देविदासच्या कामाचं आहे म्हणून विचारून राह्यले."

"मालूमच नाही तं काय सांगू? जो मागं राह्यते त्याले सांगत नसतात. मंग त्याले कितीबी मारलं तरी त्याच्या तोंडून काय निंगन?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बेड्यावरची ती रीतच होती. ज्याला मागं ठेवलं, त्याला वाचवायचं ते असं.

थोड्या वेळानं हवालदार आला. मोटरसायकल लावून चहूकडे पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. ओळखीचा होता, वाईट माणूस नव्हता. "बाई, आता मी काय लिहू? तुमीच सांगा."

"ही मावशी आहे ना."

"एका म्हातारीवर सारं खानदान लिहू काय? उद्या साहेब मले विचारतीन."

तारखेला न्यायाधीशांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ते एकदा रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "वकीलबाई, तुम्ही तर खात्रीनं सांगितलं होतं." मी जे झालं ते सगळं सांगितलं, मुलींचं, प्रश्नांचं, अंगठ्यांचं. त्यांनी ऐकून घेतलं. पण कागदावर एकच गोष्ट होती, पत्त्यावर कोणी नाही. जामीन नामंजूर. त्यांच्या जागी मी असते तर मीही दुसरं काही केलं नसतं, आणि हेच मला रात्रंदिवस टोचतं. न्यायाधीश चुकले नाहीत, हवालदार खोटं बोलला नाही, पोरींच्या मनात पाप नव्हतं, सुमननं तर जन्मात केलं नव्हतं ते करून पाहिलं. आणि माणूस आत.

त्याला सांगायला जेलात गेले. जाळीपलीकडे तो माझ्या चेहऱ्यावरूनच समजला, तरी पोरी बेड्यावर गेल्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल, रडेल, निदान त्या पोरींना शिव्या घालेल. त्यानं विचारलं, "कुठं गेले?"

"माहीत नाही रे."

"सोजरमावशीले इचारलं?"

"तिलाही सांगून गेले नाहीत."

त्यानं मान हलवली. "बराबर हाये. सांगत नसतात." मग म्हणाला, "मलेबी नाही सांगनार मंग कोनी. मी तं पोलिसायच्याच हातात हाये."

त्या दिवशी घरी येऊन मी तन्वीला खूप बोलले. काय काय बोलले ते इथं छापण्याजोगं नाही. मीरा खोलीतून खाली आलीच नाही. तन्वी एकदाही उलटून बोलली नाही, नुसती ऐकत राहिली, आणि त्यामुळे माझा राग आणखी वाढला. दोन दिवसांनी दोघी गेल्या. जाताना तन्वी माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला की नाही, मला आठवत नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. गायरान मोकळं दिसल्यावर गावातल्या कोणीतरी तारेचं कुंपण ओढलं. पाऊस पडला, त्यात पेरणीही करून घेतली. शंकरच्या घराच्या विटा कोणी नेल्या कोणास ठाऊक. मी पुन्हा गेले तेव्हा सोजरबाईसुद्धा तिथं नव्हती. कोणी म्हणे दूरचा भाचा येऊन घेऊन गेला, कोणी म्हणे वारली. मी दारव्ह्याच्या बाजारात विचारलं, पुसदच्या बाजारात विचारलं, दुसऱ्या दोन बेड्यांवर जाऊन विचारलं. काळा कोट घातलेल्या बाईला कोण सांगणार? "नाही मालूम," एवढंच. शाळेतल्या बाईंना विचारलं, तर त्यांनी हजेरीत पोरांची नावं अजून ठेवली होती. "येतील हो," म्हणाल्या. मला तिथं उभं राहवेना.

तन्वीचा अभ्यास तिकडे पूर्ण झाला. मोठ्या सभागृहात तिनं तो वाचला, लोकांना फार आवडला असं तिच्या सरांनी फोन करून मुद्दाम कळवलं. निष्कर्ष काय, तर ज्यांना कायमचा पत्ता नाही अशा गरिबांना जामीन मिळत नाही. अगदी खरं आहे. एक अक्षर खोटं नाही. मी "अभिनंदन" म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

थंडीत देविदासचा खटला उभा राहिला. केस अशी काही नव्हतीच. फिर्यादी शेतकरी पिंजऱ्यात उभा राहून सरळ म्हणाला, "मी कोनालेच पायलं नाही साहेब. पोलिसायनं सांगतलं, का हाच हाये." देविदास निर्दोष सुटला. इतक्या वर्षांत मी सोडवलेल्यांपैकी एवढा निर्विवाद निकाल क्वचितच लागला असेल. मला पेढे वाटावेसे वाटले नाहीत.

तन्वीचा तेव्हा फोन आला. तिला निकाल कळला होता. त्याला भेटायचं, माफी मागायची म्हणाली. मी म्हटलं, "माफीनं काय होणार आहे?" ती म्हणाली, "काही नाही. तरी येते." मग मी ये म्हटलं.

यवतमाळच्या जेलबाहेर आम्ही दोघी दुपारपासून उभ्या होतो. कागद कोर्टातून जेलात पोचेपर्यंत वेळ लागतोच. तन्वी वाळली होती. काय बोलायचं ते तिनं वाटेतच ठरवून ठेवलं होतं, माझ्यासमोर एकदा म्हणूनही दाखवलं. ऊन उतरल्यावर मोठ्या दारातलं छोटं दार उघडलं आणि देविदास वाकून बाहेर आला. धरला त्या दिवशीचाच शर्ट अंगावर होता, तो आता त्याला ढगळ होत होता. माझ्या पाया पडायला लागला, मी हात धरले.

तन्वी पुढं झाली. "दादा, मी तन्वी. उन्हाळ्यात तुमच्या बेड्यावर आले होते ती मी. माझ्यामुळे तुमचं..."

"तुमी पायलं त्यायले?" त्यानं मधेच विचारलं.

"हो. पण माझ्यामुळेच..."

"सुमन भेटली तुमाले?"

"हो. त्यांच्याशी बोलले ना मी. बराच वेळ बोलले."

त्याला माफीबिफी काही ऐकायची नव्हती. या पोरीनं त्याची माणसं पाहिली होती, एवढंच त्याला दिसत होतं. तो तिच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"आन् धाकटी? मी आत गेलो तवा कुडाले धरून उभी राहत जाये. चालाले लागली होती काय?"

तन्वीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं त्या घरातलं सगळं विचारलं होतं, कोणत्या ठाण्यात कोण होतं, कोणत्या गावात कोण आहे. हे तेवढं नव्हतं विचारलं. मी काय मदत करणार होते तिला?

"ती आईच्या कडेवर होती, दादा," ती कशीबशी म्हणाली. "सगळा वेळ कडेवरच होती. खाली उतरलीच नाही. मी... मी विचारलं नाही हो."

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. पण तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"कडेवर होती," तो म्हणाला. "मंग दूर नाही गेली सुमन. कडेवर लेकरू, संग दोन पोट्टे, डोक्यावर सामान. किती चालन ते? एखादा कोस. लय झालं तं दोन."

त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि दारव्ह्याच्या जीपा उभ्या राहतात त्या बाजूला तो भरभर निघाला. मी मागून हाक मारली, थांबला नाही. सुमन निघाली तेव्हा पेरणीसुद्धा व्हायची होती. आता तुरीला शेंगा भरल्या होत्या.